सदर मजकूर वाचून दाखविला

हा मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे, परंतु तो मी वाचलेला नाही. वाचकांनी ही गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी, म्हणजे पुढे एखादे वाक्य दोनदा आले किंवा एखादा शब्द गळाला, तर त्याचा दोष माझ्या आळसाला दिला जाणार नाही. मी आळशी माणूस नाही. आर्वीच्या तहसील कचेरीच्या आवारात, पत्र्याच्या पडवीत, पूर्वेकडून पहिले टेबल माझे आहे, आणि त्या टेबलावर मी आजवर जे लिहिले त्यात खाडाखोड दाखविणारा मनुष्य अद्याप जन्मास यावयाचा आहे.

मी अर्जनवीस आहे. ज्यांना लिहिता येत नाही, अथवा लिहिता येते पण सरकारला कळेल असे लिहिता येत नाही, त्यांच्या वतीने मी सरकारशी बोलतो. माझे स्वतःचे शिक्षण इयत्ता आठवीपर्यंत झाले. आठवीत मी नापास झालो, हे लपविण्याचे आता कारण उरलेले नाही. परंतु 'सविनय', 'तथापि', 'येणेप्रमाणे' हे शब्द कोठे बसवावेत ते पदवी घेतलेल्यांना मी शिकवू शकतो, आणि एका तहसीलदारसाहेबांनी माझा अर्ज हातावर तोलून, "याला वजन आहे," असे भर कचेरीत म्हटलेले आहे.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. अर्ज लिहून झाला की तो अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवावयाचा. मग तळाशी लिहावयाचे, 'सदर मजकूर अर्जदारास वाचून दाखविला व त्याने तो कबूल केला.' त्याखाली अर्जदाराचे नाव व अंगठा, आणि अंगठ्याखाली आमची सही. लोकांना वाटते की अर्जाचे वजन शब्दांत असते. ते खरे नव्हे. ते या एका ओळीत असते. निरक्षर माणूस आपला अंगठा डोळे झाकून आपल्या स्वाधीन करतो, तो या ओळीच्या भरवशावर.

यंदाच्या चैत्रात एका सकाळी माझे वाचन गेले.

कसे गेले ते सांगतो. आदल्या संध्याकाळी डोके जड झाले होते. सकाळी उठलो, आंघोळ केली, कपडे चढविले आणि नित्याप्रमाणे कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बाकावरचा पेपर उचलला. पाहतो तो अक्षरे परकी! हिंगणघाटच्या सडकेवर आंध्रातून येणाऱ्या ट्रकांच्या पाठीवर जशी वाटोळी वाटोळी लिपी असते, तशी काहीशी ती दिसली. मी टपरीवाल्याला म्हटले, "हा कोणत्या मुलखाचा पेपर आणून ठेवला?"

तो हसला. "काऊन मुन्शीजी, सकायी सकायी मस्करी करता? तुमचाच पेपर हाय ना जी थो."

मी मान वर करून कचेरीच्या पाटीकडे पाहिले. ती पाटी मी वीस वर्षे पाहत आलो होतो. पाटी दिसत होती. तिचा निळा रंग दिसत होता, तिच्या कोपऱ्यातील गंजलेला खिळा दिसत होता. त्यावरील अक्षरांची वळणेही एकेक करून दिसत होती. केवळ ती काही म्हणत नव्हती. तेवढ्यात उजवीकडे ठेवलेला चहाचा पेला माझ्या कोपराने खाली गेला. तो तेथे ठेवलेला मला दिसलाच नव्हता.

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टराने मला तपासले. त्याने मला छापील कागद वाचण्यास सांगितले, ते मला जमले नाही. मग कोरा कागद देऊन म्हणाला, "तुमचं नाव, गाव, धंदा लिहा." मी लिहिले. नाव, गाव, धंदा, आणि सवयीने खाली 'येणेप्रमाणे निवेदन सादर' हेही लिहिले. अक्षर नेहमीप्रमाणे सुबक आले, असे तो म्हणाला. त्याने तो कागद उचलून खिडकीपाशी जरा वेळ ठेवला आणि पुन्हा माझ्यापुढे धरला. "आता हे वाचा."

मला वाचता आले नाही. दोन मिनिटांपूर्वी मीच लिहिलेले.

तो डॉक्टर वयाने लहान असला तरी समजावून सांगणारा होता. तो म्हणाला, "काका, डोळे चांगले आहेत, उजव्या बाजूचं तेवढं दिसणार नाही. हाताला लिहिणं येतं, भाषाही शाबूत आहे. मेंदूत पाहण्याचं एक गाव आहे आणि शब्दांचं एक गाव आहे. दोन्ही गावं जागेवर आहेत. मधला पूल वाहून गेलाय. थोडं रक्त अडलं, तेवढ्यात गेला."

"पूल पुन्हा बांधतात," मी म्हणालो.

"हा पूल सरकार बांधत नाही," तो म्हणाला. मग माझा चेहरा पाहून त्याने जोडले, "कधी कधी माणूस फेऱ्याची वाट शोधून काढतो. कोणती, ते मला सांगता येणार नाही. ज्याची त्याला सापडते."

आमच्या भागातील माणसाला पूल वाहून जाणे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पैलतीरावरचे गाव दिसत असते, तेथील चुलीचा धूर दिसतो, बैलाच्या गळ्यातील घुंगरू ऐकू येते, आणि जाता येत नाही. परंतु अशा वेळी गावकरी तीरावर एकत्र जमतात. मी एकटाच उभा होतो, कारण मी कोणाला सांगितले नाही.

का सांगितले नाही, असे विचाराल. वाचता न येणारा अर्जनवीस म्हणजे काय? ज्या माणसाने चार तपे... नाही, दोन तपे इतरांच्या निरक्षरतेवर आपली खुर्ची मांडली, त्याने उठून म्हणावे की आजपासून मी तुमच्यातला? माझ्याने ते झाले नाही. महिनाभराने मी टेबलावर परत बसलो.

माझी स्मरणशक्ती प्रथमपासून उत्तम आहे. मी जे लिहीन ते लिहिता लिहिता पाठ होते. म्हणून मी अर्ज लिहीत असे, मग कागद दोन्ही हातांनी समोर धरून तो आठवणीतून म्हणत असे. एक शब्द चुकत नसे. अर्जदार माना डोलवीत. मग मी ती ओळ लिहीत असे, 'वाचून दाखविला.' कागद ओळखावयाचे ते जागेवरून. एकाच वेळी दोनच अर्ज टेबलावर ठेवावयाचे, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन्हींवर मिळून एक वजन. ते वजन म्हणजे लाकडी नंदी.

या नंदीविषयी सांगणे आवश्यक आहे. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशी मिरवून होतात, दुसऱ्या दिवशी लेकरे चाकांचे लाकडी बैल दोरीने ओढीत दारोदार जातात. हा नंदी माझ्या मुलीचा. त्याचे एक शिंग तिनेच लहानपणी ओट्यावर आपटून मोडले. ती सासरी गेल्यावर मी तो कचेरीत आणला. लोकांना मी सांगे की कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

मुलगी सहा वर्षांची असताना तिची आई वारली. त्यानंतर दीड महिना ती बोलली नाही. बोलावले की येई, वाढले की जेवी, परंतु शब्द नाही. शेजारच्या बायका म्हणत, "लेकरू मुकं झालं." मला लेकरांशी काय बोलावे हे कधीच कळले नाही, आणि आता तर सांगणारीही उरली नव्हती. मला एकच गोष्ट येत होती. मी पितळी ताटात जवारीचे पीठ पसरले, तिचे बोट धरले आणि त्यात 'अ' काढला. दररोज कचेरीतून आल्यावर एक अक्षर. ती माझ्या मांडीवर बसे, माझी हनुवटी तिच्या डोक्यावर टेके, आणि आम्ही दोघेही एक शब्द न बोलता पिठात लिहीत असू. एके दिवशी तिने स्वतःच तळहाताने पीठ सारखे केले, माझे बोट धरले आणि 'नंदी' असे लिहविले. मग वर पाहून म्हणाली, "बाबा, माहा नंदी कुठी हाय?" ते तिचे दीड महिन्यानंतरचे पहिले बोलणे.

तिला सातवीनंतर मी शाळेतून काढले. तिला पुढे शिकावयाचे होते. मी सांगितले की हायस्कुलात वाढत्या मुलीने जाणे बरे नव्हे. परंतु खरे कारण निराळे होते, आणि ते मी आज प्रथमच लिहितो. ती आठवी पास झाली असती.

सासर गिरडजवळच्या एका खेड्यात. आरंभी तिची पत्रे येत. ती घाईघाईने लिहिलेली असत, ना मायना, ना नमस्कार, 'बाबा मी बरी आहे, तुम्ही जेवता का वेळेवर' असा थेट आरंभ. आपल्या लेकीने अर्जनवीसाच्या घरी वाढून असे पत्र लिहावे हे मला रुचले नाही. मी तांबड्या शाईने तिचे पत्र दुरुस्त केले, वर 'तीर्थरूप बाबांचे चरणी बालके शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष' असा मायना लिहून दिला आणि ते परत टपालाने पाठविले. असे तीनदा केले. चौथे पत्र आले नाही. चार वर्षे आले नाही.

आणि यंदा, श्रावण लागल्यावर, माझे वाचन जाऊन चार महिने झाले असता, ते आले.

पोस्टमनने टेबलावर निळे आंतरदेशीय पत्र ठेवले आणि म्हणाला, "गिरडकडचा शिक्का हाय, मुन्शीजी. पोरीचं दिसते." मी ते उघडले. अर्धी बाजूच भरलेली होती. हस्ताक्षर तिचे, हे मला कळले. कसे कळले हे मी डॉक्टराला विचारणार आहे. एक अक्षर लागत नसता हात ओळखू आला, जशी लांबून येणाऱ्या माणसाची चाल ओळखू येते. ती आजारी होती? जावयाला काही झाले? घरी परत यावयाचे म्हणत होती? की चार वर्षांत साठलेला राग मोजक्या ओळींत लिहिला होता?

पोस्टमन थांबला होता. पत्रे वाचून दाखविणे हे त्याचे अर्धे काम. माझ्यासाठी तो कधी थांबत नसे, त्या दिवशी बातमी ऐकण्याच्या आशेने थांबला होता. 'वाच' एवढ्या एका शब्दाचे काम होते. मी पत्रावर नजर ठेवली, योग्य तेवढा वेळ जाऊ दिला, घडी घातली आणि म्हणालो, "ठीक आहे. सर्व क्षेम आहे."

"बरं झालं जी," म्हणून तो गेला.

ते पत्र मी नंदीखाली ठेवले. घरी नेले, परत आणले. खोलीच्या खिडकीत सकाळच्या उजेडात धरले, उलटे धरले, आरशातही धरून पाहिले. आळीत एक मास्तर राहत, त्यांच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा हवापाण्याविषयी बोलून परतलो. ज्या पत्रात माझ्याविषयी काय लिहिले असेल हे मलाच ठाऊक नव्हते, ते दुसऱ्याच्या तोंडून कसे ऐकावे?

त्याच सुमारास आष्टीकडच्या खेड्यातून एक बाई आल्या. वय साठीचे, विधवा, अंगाने काटक. त्यांच्या वावराला जाणारी वहिवाटीची वाट शेजाऱ्याने नांगरून टाकली होती.

"डवऱ्याचे बैल न्यायले वाट नाई राह्यली, मुन्शीजी. उडत न्याव काय बैल? अन् थो म्हणते, तुमी पायी जा ना, तुमाले कोन अडवलं."

मी अर्ज लिहिला. उत्तम उतरला. त्याच वेळी दुसऱ्या एका गृहस्थांचाही अर्ज लिहून तयार होता. त्यांना बांधावरील वाळलेले निंबाचे झाड तोडण्याची परवानगी हवी होती, आणि ते अंगठा देण्यास दुपारी येणार होते. बाईंचा कागद उजवीकडे, त्यांचा डावीकडे, वर नंदी, नंदीखाली निळे पत्र. मी शाईची दौत घेण्यास खाली वाकलो.

"नंदी कोनाचा जी? लेकराचा?"

मी वर पाहिले तेव्हा नंदी बाईंच्या हातात होता. त्या मोडक्या शिंगावरून बोट फिरवीत होत्या. "माह्या नातवाच्याची बी शिंगं अशीच गेली," म्हणाल्या, आणि कागद सारखे करून नंदी जपून परत ठेवला. कागदांची अदलाबदल माझ्या उजव्या बाजूच्या अंधारात झाली. मी उजवीकडचा कागद उचलला, दोन्ही हातांनी धरला आणि त्यांच्या वाटेचा सबंध अर्ज खणखणीत आवाजात म्हटला. त्यांनी ऐकला. माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकला. मग अंगठा दिला, झाड तोडण्याच्या अर्जावर. दुपारी ते गृहस्थ आले आणि त्यांनी बाईंच्या वाटेच्या अर्जावर दिला. दोन्हींवर माझी सही. दोन्हींवर ती ओळ.

श्रावण संपला, पोळा झाला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी कचेरी चालू होती. दुपारपासून लेकरे रस्त्यावरून नंदी ओढीत जाऊ लागली, चाकांचा कुरकुर आवाज पडवीपर्यंत येत होता. काही बैलांच्या पाठीवर झुली होत्या, काहींच्या शिंगांना बेगड. माझा नंदी टेबलावर निळ्या पत्रावर बसून होता. मी त्या दिवशी अर्ज लिहिले नाहीत. का कोण जाणे, रस्त्याकडे पाहत बसलो.

त्यानंतर चार दिवसांनी आतल्या कारकुनाने मला बोलावले. त्याच्यापुढे ते दोन अर्ज होते आणि तो हसू दाबीत होता.

"मुन्शीजी, या बाईले झाड तोडाचं हाय, पन हिच्या बांधावर झाडच नाई. अन् या बुवाले वाट पाह्यजे, तं याचं वावर डांबरी सडकेले लागून हाय. आता काय याले विमानाची वाट द्याव काय?" सर्व टेबलांवर हशा पिकला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या हातून असं कवाच नाई झालं. तब्येत बरी हाय ना?"

मी म्हणालो, "नजरचूक." तो शब्द त्याला वाटला त्याहून खरा होता.

बाईंना निरोप गेला. त्या दोन दिवसांनी आल्या, दोन बसगाड्या बदलून. तोवर डवरणीचा, म्हणजे उभ्या पिकात कोळपे फिरविण्याचा, हंगाम निघून गेला होता आणि त्यांच्या वावरात तण कमरेएवढे झाले होते. त्या माझ्या समोरच्या स्टुलावर बसल्या. मी क्षमायाचनेची वाक्ये मनात जुळविली होती. त्यांनी ती ऐकूनच घेतली नाहीत.

"मुन्शीजी, थ्या दिवशी तुमी वाचत नव्हते."

मी म्हणालो, "म्हणजे काय?"

"तुमी पाठ म्हणून राह्यले होते. वाचनाऱ्याचे डोये चालतात, बैलावानी. वावराच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यालोक जातात, मंग वळतात. तुमचे उभेच होते."

इतक्या महिन्यांत एकाही साहेबाने, एकाही कारकुनाने, साक्षर म्हणविणाऱ्या एकाही माणसाने हे पाहिले नव्हते. मी विचारले, "तुम्हाला हे कसे कळते? तुम्हाला तर..."

"मले वाचता येत नाई, म्हणूनच तं. उमर गेली वाचनाऱ्याचं तोंड पाहून. कोन खरं वाचते, कोन मधातलं सोडते, कोन पदरचं घालते, थे तोंडावरच दिसते."

"मग अंगठा का दिला?"

"बोलले थे बराबर होतं ना. अन् तुमचं तोंड असं झालं होतं, मनलं, जाऊ द्या, याले आज काई तरी दुखते."

मी इकडेतिकडे पाहिले. पलीकडच्या टेबलावर टंकलेखन यंत्राचा खडखडाट चालू होता. आणि मग, ज्या गोष्टीसाठी मास्तरांच्या दारावरून दोनदा परतलो होतो, ती मी त्या निरक्षर बाईंना सांगितली. वाचन गेले, लिहिणे राहिले, मधला पूल, सर्व. आणि पत्राचेही सांगितले. त्यांनी मध्येच "अगं माय" असे एकदा म्हटले, बाकी ऐकले.

"लिवता येते?"

"येते."

"डोये मिटून?"

"कधी करून पाहिले नाही. येईल."

"मंग डोयाले काऊन पुसता? हाताले पुसा ना. अंधारात भाकर थापतो आमी, तं डोया लागते काय? हाताले ठावं असते." आणि त्यांनी नंदी उचलून बाजूला ठेवला आणि निळे पत्र माझ्यापुढे सरकविले, जणू टेबल त्यांचे होते.

मी पहिल्या अक्षरावर उजव्या हाताची तर्जनी ठेवली आणि त्याच्या रेषेवरून फिरविली, जसे ते मीच लिहीत आहे. एकदा काही झाले नाही. दुसऱ्यांदा फिरविली. आणि डोक्याच्या मागे कोठेतरी, पिठाच्या ताटातून आल्यासारखा, आवाज आला. 'ती.'

मी तो मोठ्याने उच्चारला. बाई म्हणाल्या, "पाहा!" आणि उठल्या. "माहा अर्ज आता बराबर लिवजा जी. तुमचं पत्र तुमी वाचा, थे माह्यापुढं नका वाचू."

मी त्यांचा अर्ज पुन्हा लिहिला. या वेळी म्हणून दाखविला नाही. प्रत्येक ओळीवरून बोट फिरवीत, अडखळत, दोन तास लावून वाचला. त्यांनी अंगठा दिला.

पत्र वाचावयास मला पाच दिवस लागले. सकाळी कचेरी भरण्यापूर्वी बसत असे. एका अक्षराला दोन-तीन फेऱ्या, शब्द पुरा होईतो त्याचे डोके विसरून जाई, पुन्हा मागे. मेंदू थकतो म्हणजे काय हे मला तेव्हा कळले. घाम येई. पहिले तीन दिवस मला जे मिळाले ते असे, 'तीर्थरूप बाबांचे चरणी बालके शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.'

तिने मायना लिहिला होता. मी तांबड्या शाईने शिकविला तसाच, सबंध. माझ्या बोटाचे तीन दिवस त्यात गेले, आणि त्यात ती कोठेही नव्हती.

उरलेला मजकूर मला चौथ्या आणि पाचव्या दिवशी मिळाला. तो देतो.

'मुलगी चार वर्षांची झाली. बोलायला उशीर केला पण आता बोलते. माझा नंदी तुमच्यापाशी अजून आहे का. असेल तर तसे कळवा, तान्ह्या पोळ्याला तिला घेऊन येते. काही कळवले नाही तर मी समजून घेईन.'

नंदी टेबलावर होता. ते पत्र सबंध वेळ त्याच्याच पोटाखाली होते. तान्हा पोळा होऊन अकरा दिवस झाले होते. ती समजून घेऊन बसली होती.

मी उत्तर लिहिले. त्यात काय लिहिले ते मला नीटसे सांगता येणार नाही, कारण लिहून झाल्यावर ते मी वाचले नाही. बोट फिरवून वाचता आले असते. मुद्दाम वाचले नाही. वाचले असते तर सुधारले असते. नंदी आहे, शिंग तेवढे नाही, माझे वाचन गेले, तुला शाळेतून काढले त्याचे कारण असे असे, एवढे त्यात होते. मायना घातला नाही. पाकीट चिकटविले आणि स्वतः नेऊन पेटीत टाकले.

उत्तराची वाट पाहण्याचा मला सराव नाही. मी इतरांना मात्र रोज सांगतो की सरकारला वेळ द्यावा. दसरा गेला. मी नव्या रीतीने काम चालविले आहे. बोट फिरवून वाचतो, त्यास वेळ लागतो, आणि ज्यांना घाई असते ते टंकलेखन यंत्राकडे जातात. पूर्वी माझ्यापुढे रांग असे, आता एखाददुसरा असतो. घरीही आता पेपर उघडत नाही. संध्याकाळी ओट्यावर बसतो, आणि समोरच्या भिंतीवर निवडणुकीच्या वेळी रंगविलेली अक्षरे अंधार पडेतो माझ्याकडे पाहत असतात.

दिवाळीच्या आधी पोस्टमनने एक कार्ड आणून दिले. या वेळी तो थांबला नाही, किंवा मी पाहिले नाही. कार्डावर सबंध बाजू भरून पाच-सहाच शब्द होते. अक्षरे बोटाएवढी मोठी, आणि बॉलपेनने इतकी दाबून लिहिलेली की कागद खोलगट झाला होता. डोळ्यांची गरजच नव्हती. मी बोट ठेवले आणि ते आपोआप त्या चरातून चालत गेले, जसे कोणी ते धरले आहे.

'बाबा, पोळा दरसाल येतो. नंदी ठेवा.'

पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत एक चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. ते कार्ड आता नंदीखाली असते.

येत्या पोळ्यास अद्याप आठ महिने आहेत. मी नंदी सुताराकडे नेला होता. तो म्हणाला, "शिंग बसवून देतो, मुन्शीजी, नवं. कोनाले समजनारबी नाई." मी नको म्हणालो. चाकांना तेवढे एरंडेल देण्यास सांगितले. वीस वर्षे ती फिरली नव्हती. आता टेबलावर कागद सरकविताना नंदीला हात लागला की तो थोडा पुढे जातो, आणि दर वेळी मला तो उचलून जागेवर ठेवावा लागतो.